बिनइंजिनाचं

खडेबाजारातलं नेट-कॅफे बंद झालं तेव्हा
मालकानं दोन हजारांत कॉम्प्युटर दिला,
वर एक जॉयस्टिक फुकट.
"मागाचा मेकॅनिक तू, लुमाण्णा, लावशील कुठंतरी."
लावली.
आत आधीच कुणीतरी भरून ठेवलेलं
एक विमान, पांढरं, लांब पंखांचं,
आणि खाली बर्फाचे डोंगर, सरतच नाहीत असे.

विमानाला इंजिन नाही
हे कळायला मला तीन रात्री गेल्या.
मी चालू करायचं बटण शोधत होतो.

आमच्या वडगावच्या गल्लीत
आवाज न करणारी वस्तू चालू आहे
यावर कोण विश्वास ठेवील?
पहाटे पाचपासून खटाखट,
चहा हवा तर ओठ वाचायचे एकमेकांचे.
पस्तीस वर्षं मागांच्या पोटात हात घालतोय,
डावा कान कधीच गेला,
उजव्यात अजून थोडं ऐकू येतं,
म्हणजे तेच.

हे मात्र नुसतं सरकतं.
निमुळतं, गुळगुळीत,
नीट बघितलं तर धोटाच.
धोटा तरी कुठं स्वतः चालतो?
फेकला की जातो.
एकदा एक मागातून उडाला तो
माझी भिवई फोडून भिंतीला लागला.
चार टाके पडले.
आकाशाशी माझा संबंध तेवढाच,
आणि सांबऱ्याला उतरताना
पत्र्यावरून जातात ती विमानं.

सुरुवातीला आपटायचंच.
बर्फात आपटलं तरी आवाज नाही,
पडदा गोठतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.
मग एका रविवारी येळ्ळूरच्या गडावर
घारी बघत बसलो होतो डबा खाऊन.
पंख हलवत नव्हत्या.
उन्हाच्या अंगाला जायच्या, तिथं रेंगाळायच्या,
आणि कांडीवर सूत चढावं तशा
गोल, गोल, वर.
त्या रात्री मीही कड्याच्या उन्हाकडच्या अंगाला नेलं.
काटा थरथरला.
चढला.
यल्लूबाई झोपली होती. कुणाला सांगणार?

शेजारच्या धाकलू हवालदाराला बोलावलं,
त्यानं बर्फात दोन हिवाळे काढलेत,
डाव्या पायाला तीनच बोटं.
म्हटलं, बघ की, बरोबर दाखवलंय काय?
तो उभ्यानंच बघत राहिला.
मी एक शिखर ओलांडलं, दुसरं,
एक लांब पांढरी घळ आली,
तिच्यावर माझ्या पंखांची सावली, बोटाएवढी.
"वरनं असंच दिसतंय," म्हणाला.
"खाली कोण असलं तर दिसत न्हाई."
चहा घेतला नाही त्यानं.
तेव्हापासून मी थोडं खालून उडवतो,
घळीच्या कडेनं,
बघत.

काल साडेअकराला लाइट गेली.
रात्रपाळीचे सगळे माग
एका खटक्यात गप्प,
आणि एप्रिलचा उकाडा घरभर बसला.
मी अकरा हजार फुटांवर होतो.
काहीच लागत नाही म्हणून जे आवडलं
ते एका वायरीला बांधलेलं होतं.
डोळ्यांसमोर काळं. त्यात थोडा वेळ पांढरं,
मग तेही नाही.
पण हात तसाच राहिला,
डावीकडं जरा कललेला.
वळणात होतो ना.

अंधारात यल्लूबाई
साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती.
"उतरलासा की न्हाई?"
इतक्या हळू विचारलं तिनं,
आणि मला ऐकू आलं.

"थांब," म्हटलं. "अजून हवेत हाय."

तिनं पुठ्ठा हलवायचा थांबवला.